श्रीरामपूर ते हांगझोऊ: मधल्या पायऱ्यांचा हिशेब

३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धेतला मिश्र दुहेरीचा अंतिम सामना झाला. समोर चिनी तैपेईची लिआंग एन-शुओ आणि हुआंग त्सुंग-हाओ ही जोडी होती. भारताने पहिला सेट २-६ असा गमावला, दुसरा ६-३ असा घेतला आणि दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकला. रोहन बोपण्णा तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचं नाव टेनिस पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याच्या शेजारी खेळत होती सत्तावीस वर्षांची ऋतुजा भोसले. ही मुलगी श्रीरामपूरची.

श्रीरामपूर आपल्या नाशिक महसूल विभागात येतं. सिन्नर, शिर्डी, राहाता करत निघालं की तीन तासांच्या आत पोचता येतं. ऊस आणि साखर कारखान्यांचा हा मुलूख. गावाच्या रेल्वे स्टेशनवर अजून बेलापूर अशी पाटी आहे. तिथून निघालेली मुलगी टेनिसमध्ये आशियाई सुवर्णपदक मिळवणारी दुसरी भारतीय महिला ठरली. पहिली सानिया मिर्झा. तिला ते पदक २००६ मध्ये दोहाला लिएंडर पेसबरोबर आणि २०१४ मध्ये इंचॉनला साकेत मायनेनीबरोबर मिळालं होतं. ऋतुजाच्या पदकाची बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्यामागच्या वर्षांचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही.

नाशिकमध्ये हा हिशेब मांडायला हवा, कारण इथे टेनिस खेळणाऱ्या मुली आहेत. सातपूरच्या निवेक क्लबच्या कोर्टांवर, गंगापूर रोडच्या बाजूच्या खासगी अकादम्यांत आणि देवळालीच्या शाळांच्या आवारात सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वर्षांच्या मुली स्वतःच्या उंचीच्या मानाने मोठी वाटणारी बॅग खांद्याला लावून येतात. कोर्टाबाहेरच्या बाकावर आई नाहीतर आजोबा बसलेले असतात. मुलीने बारा किंवा चौदा वर्षांखालच्या गटात दोन-तीन स्पर्धा जिंकल्या की बाकावर एक प्रश्न हमखास निघतो: हिला पुढे यातच घालायचं का? हे करिअर होतं का?

लांब पल्ल्याच्या धावण्याबद्दल हा प्रश्न आला असता, तर नाशिकला उत्तर शोधायला बाहेर जावं लागलं नसतं. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. तिच्या मागे नाशिकच्या मैदानांवर मुलींची एक रांगच तयार झाली. टेनिसमध्ये आपल्या जिल्ह्याला असं नाव अजून मिळालेलं नाही. म्हणून उत्तर शोधायला श्रीरामपूर, बार्शी, पुणे असं फिरावं लागतं. मी ते फिरून पाहिलं. माझं मत आधीच सांगतो: या करिअरमध्ये मुलगी बाराव्या वर्षी अडत नाही आणि पंचविसाव्या वर्षीही अडत नाही. ती अडते अठरा ते चोवीसच्या मध्ये. त्याच वर्षांत आपण तिला एकटी सोडतो.

आधी थोडं मागे जाऊ. मराठी घरातली स्त्री आणि टेनिस ही जोडी आजची नाही. वेदांचे अभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांची मुलगी क्षमा राव संस्कृतमध्ये लिहीत असत. गांधीजींच्या सत्याग्रहावर त्यांनी काव्य लिहिलं, तुकाराम आणि रामदासांची चरित्रं संस्कृतात आणली. त्या टेनिसही खेळत. त्यांची मुलगी लीला १९११ मध्ये मुंबईत जन्मली आणि १९३४ मध्ये विम्बल्डनच्या महिला एकेरीत पहिल्या फेरीचा सामना जिंकली. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. पुढे लीला राव नृत्य आणि नाट्यशास्त्राच्या अभ्यासाकडे वळल्या आणि त्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली. आजोबा वेदाभ्यासक, आई संस्कृत कवयित्री आणि मुलगी विम्बल्डनच्या हिरवळीवर, असं हे एकच घर. आपल्या क्रीडा इतिहासात या घराला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही, याची मला खंत वाटते.

पण लीला रावांचं टेनिस हौशी काळातलं होतं. बक्षिसाच्या पैशावर कोणाचं पोट नव्हतं. खेळ जिमखान्यांत आणि सुखवस्तू घरांत राहिला. मुंबईच्या निरुपमा मंकड १९७१ मध्ये आनंद अमृतराजबरोबर विम्बल्डनच्या मिश्र दुहेरीत उतरल्या, तेव्हाही भारतीय स्त्रीला टेनिसवर जगता येईल असं कोणी म्हणत नव्हतं. १९७३ मध्ये बिली जीन किंग यांच्या पुढाकाराने महिला खेळाडूंची संघटना, म्हणजे डब्ल्यूटीए, उभी राहिली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनने स्त्री-पुरुषांना सारखं बक्षीस दिलं. महिला टेनिस हा व्यवसाय झाला तो तिथून. भारतात त्याचं पहिलं ठळक फळ दिसायला पाव शतक गेलं: कोइम्बतूरच्या निरुपमा वैद्यनाथनने १९९८ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीचा सामना जिंकला. त्यानंतर सानिया आली. तिचा जन्म मुंबईतला, घडण हैदराबादची. एकेरीत २७ वा क्रमांक, दुहेरीत पहिला, सहा ग्रँड स्लॅम विजेतेपदं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये निवृत्ती. बाकावरचे पालक सानियाचं उदाहरण देतात ते साहजिक आहे. तरी तिच्यावरून मुलीच्या भविष्याचा अंदाज बांधू नये. तिने २०१३ मध्ये एकेरी सोडली. त्यानंतर २०२५ संपेपर्यंत एकाही भारतीय महिलेला ग्रँड स्लॅमच्या एकेरीच्या मुख्य फेरीत उतरता आलेलं नाही. ज्या रस्त्याने बाकीच्या जातात तो पाहायचा असेल तर ऋतुजा, अंकिता रैना आणि प्रार्थना ठोंबरे यांच्याकडे पाहावं.

त्या रस्त्याच्या पायऱ्या समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

चौदा वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलीला व्यावसायिक स्पर्धा खेळता येत नाही. चौदा ते अठरामध्येही वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर मर्यादा आहे आणि ती वयाबरोबर सैल होत जाते. अमेरिकेची जेनिफर काप्रियाती १९९० मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि काही वर्षांत मोडून पडली. त्यानंतर १९९५ मध्ये डब्ल्यूटीएने हे नियम कडक केले. म्हणून सोळा-सतरापर्यंत बहुतेक मुली देशातल्या आणि आंतरराष्ट्रीय ज्युनियर स्पर्धाच खेळतात. तोवर खर्च घर सोसतं, शाळा सांभाळून घेते आणि गावात सत्कार होतात.

मग खरी शिडी सुरू होते. तळाला डब्ल्यू-१५ नावाच्या स्पर्धा असतात. एकूण बक्षीस १५ हजार डॉलर. त्यावर डब्ल्यू-३५, ५०, ७५ आणि १००. त्याच्यावर डब्ल्यूटीएच्या स्वतःच्या स्पर्धा आणि सगळ्यात वर चार ग्रँड स्लॅम. जागतिक क्रमवारीत नाव यायला तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण मिळवावे लागतात किंवा एकूण दहा गुण तरी व्हावे लागतात. डब्ल्यू-१५ मध्ये पहिल्याच फेरीत हरलात तर गुण शून्य. पाच सामने ओळीने जिंकून विजेतेपद घेतलंत तर पंधरा गुण आणि हातात दोन हजार डॉलरहून थोडे जास्त, त्यातूनही यजमान देशाचा कर कापून. दुसऱ्या टोकाला २०२५ च्या विम्बल्डनमध्ये एकेरीच्या पहिल्या फेरीत हरलेल्या खेळाडूला दहा गुण मिळाले आणि ६६ हजार पौंड. आठवडाभर एकही सामना न हरणारी मुलगी एकीकडे आणि दीड तासात हरून बाहेर पडलेली दुसरीकडे, या दोघींच्या मिळकतीत हे अंतर आहे.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१३ च्या आकड्यांवरून एक आढावा घेतला होता. मुलीला या खेळात घालण्याआधी प्रत्येक पालकाने तो नजरेखालून घालावा. त्या वर्षी व्यावसायिक स्पर्धांत सुमारे १४ हजार खेळाडू उतरले होते. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना बक्षिसाचा एक डॉलरही मिळाला नाही. महिला खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ४० हजार डॉलरच्या थोडा वर निघाला. आजच्या दराने हे पस्तीस लाख रुपयांच्या घरात जातं, आणि यात प्रशिक्षकाचा खर्च धरलेला नव्हता. बक्षिसाच्या पैशातून खर्चाची तोंडमिळवणी होत होती ती जगात २५३ व्या क्रमांकाच्या आसपास. पुरुषांमध्ये तोच आकडा ३३६ होता. म्हणजे सारख्याच कष्टांत स्त्रीला ऐंशी-पंच्याऐंशी पायऱ्या जास्त चढाव्या लागत होत्या.

आता हे ग्रँड स्लॅमच्या रचनेशी जोडून पाहा. मुख्य फेरीत १२८ जणी असतात. त्यांतल्या १०४ क्रमवारीवरून थेट येतात, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांच्या आमंत्रणावर. पात्रता फेरीत आणखी १२८ जणी. त्यामुळे क्रमवारीत साधारण २३० च्या आत असलेल्या मुलीला वर्षातून चार वेळा ग्रँड स्लॅमचं दार किलकिलं होतं. पात्रतेच्या पहिल्या फेरीत हरली तरी तिची काही महिन्यांची प्रवासाची सोय होते. खर्च भागण्याची रेषा आणि ग्रँड स्लॅमची रेषा अशा जवळजवळ एकाच जागी येतात. रेषेच्या आत गेलेल्या मुलीला खेळ पोसतो. बाहेर असलेली मुलगी खेळाला पोसते.

आठशेव्या क्रमांकावरून अडीचशेपर्यंत यायला किती वर्षं लागतात? अंकिता रैनाचं उदाहरण घेऊ. ती अहमदाबादची, घर काश्मिरी. शाळेच्या वयात ती आईबरोबर पुण्याला आली आणि हेमंत बेंद्रे यांच्याकडे शिकू लागली. पहिल्या दोनशेत तिचं नाव आलं एप्रिल २०१८ मध्ये, पंचविसाव्या वर्षी. दोनशेच्या आत येणारी ती पाचवी भारतीय महिला होती. मार्च २०२० मध्ये ती १६० पर्यंत पोचली. पुण्यात आल्यापासून पहिल्या दोनशेत येईपर्यंत दशकभर गेलं. त्या काळात तिने किती विमानतळांवर रात्री काढल्या असतील, किती शहरांत रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा बसवणं, करून घेण्यासाठी स्वतः दुकान शोधलं असेल, याची नोंद कुठल्याच क्रमवारीत होत नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत जकार्ताला तिने एकेरीचं कांस्य जिंकलं, तेव्हा देशाने तिला ओळखलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिने मेलबर्नला कमिला राखिमोवाबरोबर फिलिप आयलंड करंडक जिंकला. ते तिचं पहिलं डब्ल्यूटीए विजेतेपद, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

ऋतुजाची वाट निराळी. वडील पोलीस दलात. २०१२ मध्ये, सोळाव्या वर्षाच्या आगेमागे, ती फेड कप या महिलांच्या सांघिक स्पर्धेच्या भारतीय संघात आली. एवढ्या लहान वयात राष्ट्रीय संघात आलेल्या मुलीने पुढे काय करावं? थेट डब्ल्यू-१५ च्या चक्रात उतरावं, की शिकावं? ऋतुजाने अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा रस्ता धरला. माझ्या मते मध्यमवर्गीय मराठी घराने हा रस्ता गांभीर्याने पाहायला हवा. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुषांना समान संधी देणं बंधनकारक झालं. त्यामुळे तिथल्या वरच्या गटातल्या विद्यापीठांत अनेक वर्षं, २०२५ पर्यंत, महिला टेनिस संघाला आठ पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत होत्या, पुरुषांच्या संघाला साडेचार. मुलगी असण्याचा या खेळात फायदा झाला अशी ही एकच जागा मला सापडली. तिथे पदवी मिळते, रोज कोर्ट मिळतं, फिजिओ मिळतो, सामने मिळतात आणि अठरा ते बावीस ही सर्वात खर्चिक वर्षं घरावर ओझं न टाकता निघतात. शिवाय त्याने खेळ संपत नाही. डॅनिएल कॉलिन्स व्हर्जिनिया विद्यापीठातून खेळली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम फेरीत होती.

आपल्याकडे मात्र ‘अमेरिकेला गेली म्हणजे टेनिस सोडलं’ अशी समजूत अजून आहे. ऋतुजा परत आली, खेळत राहिली आणि २०२० च्या मार्चमध्ये दुबईला फेड कपच्या प्ले-ऑफमध्ये पहिल्यांदाच पोचलेल्या भारतीय संघात होती. त्या संघात सानिया होती, अंकिता होती. ऋतुजाचा पती स्वप्निल गुगळे हा महाराष्ट्राचा रणजीपटू; २०१६ मध्ये दिल्लीविरुद्ध नाबाद ३५१ धावा करणारा. खेळाडूचं वेळापत्रक ज्याला समजावून सांगावं लागत नाही असा जोडीदार मिळणं ही लहान गोष्ट नाही. एकेरीत ऋतुजा पहिल्या दोनशेत पोचली नाही. तरीही तिच्या नावावर सुवर्णपदक आहे, कारण ती सत्ताविसाव्या वर्षीही खेळत होती. वीस-बाविसाव्या वर्षी खर्चाचा आकडा बघून थांबली असती, तर हांगझोऊच्या कोर्टावर बोपण्णाबरोबर दुसरंच कोणी उभं असतं.

प्रार्थना ठोंबरे बार्शीची. सोलापूर जिल्ह्यातल्या या व्यापारी गावातून ती टेनिससाठी हैदराबादला सानियाच्या अकादमीत गेली. २०१४ मध्ये इंचॉनला सानियाबरोबर महिला दुहेरीचं कांस्य तिने मिळवलं, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्येही ती सानियाबरोबर उतरली. प्रार्थनाने दुहेरीलाच आपला धंदा मानलं. आपल्याकडे दुहेरीला दुय्यम समजतात. एकेरीत जमलं नाही म्हणून दुहेरी, असं सहज बोललं जातं. हे बोलणं अन्यायाचं आहे. दुहेरीत पैसा कमी आहे हे खरं. पण परतीचा फटका, नेटजवळची व्हॉली, साथीदाराच्या मनाचा अंदाज हे वेगळं कसब आहे. ते कमावलेली खेळाडू पस्तिशीपर्यंत टिकते. भारतीय महिला टेनिसला आशियाई आणि ऑलिंपिक पातळीवर ओळख मिळाली त्यातली बरीचशी दुहेरीतूनच.

या तिघींच्या नकाशावर बोट फिरवलं तर एक गोष्ट लक्षात येते. तिघींनाही लहान वयात घर सोडावं लागलं. नाशिकच्या मुलीला आज हेच करावं लागतं. पुणे दोनशेहून थोडे जास्त किलोमीटरवर, रस्त्याने पाच-सहा तास, आणि थेट जलद रेल्वे अजून कागदावर. रोज जाऊन येता येत नाही. म्हणून आई आणि मुलगी पुण्यात भाड्याच्या खोलीत, वडील आणि धाकटा भाऊ नाशिकला, असं घर दोन भागांत विभागलं जातं. दहावीचा अर्ज बाहेरून भरला जातो. हे ज्या घराने सोसलं त्याच्या खर्चात खोलीभाडं असतं, चारशे-पाचशे रुपयांना तीन असे चेंडू असतात, पंधरा-वीस हजारांच्या रॅकेट असतात. शाळेतल्या मैत्रिणी सुटतात, त्याचा मात्र हिशेब ठेवता येत नाही.

मुलगी म्हणून वाट्याला येणारी गोष्ट आणखी एक. डब्ल्यू-१५ आणि डब्ल्यू-३५ च्या स्पर्धा आडगावांत होतात. अठरा-एकोणीसची मुलगी अनोळखी देशात मध्यरात्री उतरते. बरोबर कोणी न्यायचं तर खर्च दुप्पट. पाळीच्या दिवशी सामना असतो तो असतोच. आणि तिशीजवळ आल्यावर आई होण्याचा प्रश्न. सानियाने २०१८ मध्ये मुलाला जन्म दिला आणि जानेवारी २०२० मध्ये होबार्टला नादिया किचेनोकबरोबर पहिलीच स्पर्धा जिंकून ती परतली. पण तिच्याजवळ तोवर साठवलेलं बळ होतं. मार्च २०२५ मध्ये डब्ल्यूटीएने खेळाडूंना बारा महिन्यांपर्यंत पगारी बाळंतपणाची रजा देणारा निधी सुरू केला. खेळातली ही सुधारणा फार उशिरा आली, तरी आली. तिचा लाभ क्रमवारीत वर असलेल्यांना आधी मिळेल, हे उघड आहे.

महाराष्ट्राने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं होईल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर वीस वर्षांहून अधिक काळ महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा होत आली आहे. सोलापूर, नवी मुंबई इथेही अशा स्पर्धा झाल्या. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टांवर २०१७ पासून अधूनमधून डब्ल्यूटीए १२५ दर्जाची मुंबई ओपन होते. पहिल्याच वर्षी ती आर्यना सबालेंकाने जिंकली. पुढे जगात अव्वल ठरलेली हीच ती सबालेंका. त्याच वर्षी अंकिता तिथे उपांत्यपूर्व फेरीत पोचली. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीला बिली जीन किंग कपची, म्हणजे पूर्वीच्या फेड कपची, आशिया-ओशनिया गटाची लढत झाली आणि भारत प्ले-ऑफसाठी पात्र ठरला. पुण्याच्या वैष्णवी आडकरने त्याच वर्षी जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचं कांस्य आणलं. राज्य शासनाच्या ‘मिशन लक्ष्यवेध’मध्ये निवडलेल्या बारा खेळांत लॉन टेनिसही आहे.

या यादीतल्या घरच्या स्पर्धांवर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळ्या उपायांत हा सर्वात स्वस्त आणि सर्वात परिणामकारक आहे. परदेशातल्या एका डब्ल्यू-१५ साठी विमान, व्हिसा, हॉटेल धरून जो खर्च होतो, त्याच्या थोड्या भागात मुलगी आपल्या राज्यात खेळू शकते. यजमानाला मुख्य फेरीत वाइल्ड कार्ड देता येतात, म्हणजे क्रमवारीत नाव नसलेल्या सतरा वर्षांच्या स्थानिक मुलीला पाचशेव्या क्रमांकाच्या खेळाडूसमोर उभं राहता येतं. ती हरली तरी तिला कळतं की त्या खेळाडूची दुसरी सर्व्हिस कुठे पडते आणि आपलं काय कमी पडतं. फेब्रुवारी २०२५ च्या मुंबई ओपनमध्ये कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून आली आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली. स्पर्धा मुंबईत होती म्हणून तिला ती संधी मिळाली. तीच स्पर्धा युरोपात असती तर तिला पात्रतेतही जागा मिळणं कठीण होतं.

आणि दुसरी बाजू: आपले पैसे कुठे जातात? राज्याचं आणि उद्योगांचं बक्षीस पदकानंतर येतं. अकादम्यांच्या जाहिराती आठ ते चौदा वयासाठी असतात. चौदा वर्षांखालच्या विजेतीचा फोटो वर्तमानपत्रात छापून येतो. एकोणीस वर्षांची, जगात नऊशेव्या क्रमांकावरची मुलगी मात्र बातमीत नसते, शिष्यवृत्तीत नसते आणि सत्कारातही नसते. नऊशेवा क्रमांक ऐकायला लहान वाटतो. पण जगभरातून रॅकेट हातात घेतलेल्या लाखो मुलींमधून ती तिथे पोचलेली असते आणि तिचं त्या वर्षाचं उत्पन्न बहुधा शून्याच्या खाली असतं. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देतात, त्याने अनेकींना तारलं. पण नोकरी मिळायला आधी पदक लागतं, आणि पदकापर्यंत पोचायला हीच मधली पाच-सहा वर्षं पार करावी लागतात.

मग बाकावरच्या आईला काय सांगायचं? माझं उत्तर असं. मुलीला खेळू द्या. चौदापर्यंत पुण्याची घाई करू नका. नाशिकचा हिवाळा आणि इथली कोर्टं पायाभरणीला पुरेशी आहेत. शाळा सोडवू नका, कारण अमेरिकन विद्यापीठाचं दार गुणपत्रिकेशिवाय उघडत नाही. सोळाव्या वर्षी प्रशिक्षकाकडून खरं मत मागा. त्याच्या पोटापाण्याचा विचार न करता त्याने ते द्यावं, ही अपेक्षा ठेवा. आणि अठराव्या वर्षी ती व्यावसायिक व्हायचं म्हणाली, तर सहा वर्षांचा खर्च आधी कागदावर लिहा, आणि तो एकट्या घराने पेलायचा नाही हेही लिहा.

ती दुसरी ओळ नाशिकच्या लोकांसाठी आहे. सातपूर-अंबडच्या कारखानदारांसाठी, द्राक्ष आणि वाईनचा व्यवसाय जगभर नेलेल्यांसाठी, क्लबांच्या कार्यकारिणीसाठी. डब्ल्यू-१५ स्पर्धेचं एकूण बक्षीस सुमारे तेरा लाख रुपये होतं. पंच, चेंडू, फिजिओ, राहण्याची सोय हे वेगळं. तरी दोन-चार उद्योगांनी मिळून उचलता येईल एवढाच हा भार आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंडीत एक आठवडा, सलग पाच वर्षं, नाशिकला महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवावी. विभागातल्या पाच जिल्ह्यांतल्या मुलींसाठी त्यात दोन वाइल्ड कार्ड राखून ठेवावीत. आणि अठरा ते चोवीस वयाच्या, जागतिक क्रमवारीत नाव आलेल्या विभागातल्या कोणत्याही मुलीला, ती नऊशेव्या क्रमांकावर असली तरी, वर्षाच्या प्रवासाचा निम्मा खर्च द्यावा. पदक मिळण्याची वाट न पाहता द्यावा. ज्यांच्या हातात हे आहे त्यांनी येत्या हिवाळ्याआधी एकदा एकत्र बसावं, ही माझी विनंती आहे.